गल्ल्यातलं उलटं नाणं आणि फोनवरचे साडेचार लाख

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नाव काढलंय, बाकी पत्र जसंच्या तसं.

«दादा, नमस्कार. तासगावजवळ आमची पिठाची गिरणी आहे, दळण, मिरची-कांडप सगळं करतो, गल्ला मी बघते. दिवाळीच्या आधी भाजणीची गर्दी होती तेव्हा चिल्लर मोजताना एक दोन रुपयाचं नाणं हाताला वेगळंच लागलं. एका बाजूला सिंह आहेत आणि दुसऱ्या बाजूला पण सिंहच, पण खड्ड्यात गेलेले आणि उलटे, आरशात दिसतात तसे. वर्ष कुठंच नाही. दिराच्या मुलानं यूट्यूबवर बघून सांगितलं की काकू हे पाच लाखाचं आहे. व्हिडिओखाली नंबर होता, फोटो पाठवले, लगेच फोन आला, साडेचार लाखाला घेतो म्हणाले, आधी रजिस्ट्रेशनचे ७५० भरा. मी भरले. मग रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागद व्हॉट्सॲपवर आला आणि आता जीएसटीचे ८,२०० मागतायत. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सोनाराकडे वजन केलं तर ४.८४ ग्रॅम भरलं. त्या नादात गल्ल्यातून आणखी चार नाणी बाजूला काढलीत, फोटो सोबत पाठवतेय. दहाचं एक आहे ज्याचा मधला भाग उलटा बसलाय, वैष्णोदेवीचं पाचचं, एक चपटं लांबट झालेलं रुपयाचं, आणि एक पांढरं पाचचं. पैसे भरू का? आणि खरंच काही किंमत आहे का की परत गल्ल्यात टाकू?»

ताई, ८,२०० भरू नका. एक रुपयासुद्धा भरू नका आता. हे आधी सांगतो कारण बाकीचं वाचेपर्यंत त्यांचा परत फोन यायचा.

साधी गोष्ट बघा, तुमच्याकडे कुणी गहू विकायला आला तर पैसे तुम्ही देता, तो शेतकरी तुम्हाला देत नाही. जो माणूस तुमचं नाणं साडेचार लाखाला घेणार आहे त्याला ७५० आणि ८,२०० तुमच्याकडून कशाला लागतात? जीएसटी असलाच तर त्याने त्याच्या पैशातून कापून घ्यावा की. आणि तो रिझर्व्ह बँकेचा कागद शंभर टक्के बनावट आहे, कारण रिझर्व्ह बँक असल्या धंद्यात नाहीच. त्यांनी ४ ऑगस्ट २०२१ ला स्वतःच पत्रक काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही नाही, त्यासाठी कुठलंही कमिशन किंवा चार्ज आम्ही मागत नाही आणि कुणाला आमच्या नावाने मागायला सांगितलेलंही नाही. म्हणजे हा प्रकार इतका बोकाळला की बँकेला पत्रक काढावं लागलं, तुम्ही एकट्या नाही फसलात.

आता करायचं काय, तर चॅटचे, त्या कागदाचे आणि पैसे गेल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ब्लॉक त्यानंतर करा, आधी नको. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर फोन करून तक्रार द्या, ७५० साठी काय करायचं असं म्हणू नका, तो खाते नंबर पोलिसांकडे गेला की उद्या दुसऱ्या कुणाचे ७५,००० वाचतील. आधार कार्डाचा किंवा पासबुकाचा फोटो पाठवला असेल तर बँकेत जाऊन सांगून या. आणि आठवड्याभरात बहुतेक दुसरा कुणीतरी फोन करेल, मी सायबर ऑफिसातून बोलतोय, तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त एवढी फी भरा. तो पण त्यांच्यातलाच असतो, हे लक्षात ठेवा.

आणि ह्यांना आजच सांगा. रात्री जेवण झाल्यावर निवांत सांगा. साडेसातशेचं पीठ गिरणीत नुसतं उडून जातं हो वर्षाला, त्यावरून कुणी घर डोक्यावर घेत नाही, पण लपवून ठेवलं आणि मग बाहेरून कळलं तर त्याचाच जास्त त्रास होतो.

बरं, आता नाण्याकडे येऊ, कारण तुमचं ते दोन रुपयाचं नाणं मला मनापासून आवडलंय.

एरर नाणं म्हणजे काय हे लोकांना कुणी नीट सांगतच नाही, जे काही वेगळं दिसलं ते एरर असं धरून चालतात. मी एकच प्रश्न विचारतो, टाकसाळीतल्या मशीनमध्ये हे असं कसं झालं असेल? उत्तर नीट देता आलं तर ते एरर. नाही देता आलं तर ते नाणं बाहेर आल्यावर कुणीतरी वाकवलंय, घासलंय, ठोकलंय, आणि त्याला काडीची किंमत नाही. ही एकच गोष्ट धरून चाला, यूट्यूब बघायची गरजच पडणार नाही.

मशीनचं काम तसं सोपं आहे. धातूचा लांब पट्टा येतो, त्यातून गोल चकत्या कापतात, आपण मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतो ना अगदी तसंच. मग त्या चकतीची कड दाबून थोडी वर उचलतात. मग चकती प्रेसमध्ये जाते, खाली एक ठसा, वर एक ठसा, बाजूने एक कडं असतं त्याला कॉलर म्हणतात, म्हणजे दाबल्यावर धातू बाहेर पसरू नये. एकच दणका, दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात, आणि तयार नाणं बाहेर ढकललं जातं. मिनिटाला शेकडो नाणी पडतात, त्यामुळे अधूनमधून काहीतरी चुकतंच, आणि तपासणीतून त्यातलं एखादं निसटून तुमच्या गल्ल्यापर्यंत पोचतं.

आता तुमचं नाणं. प्रेसमधून आधीचं नाणं बाहेर पडलंच नाही, ते वरच्या ठशाला चिकटून राहिलं. मशीनला काय कळतंय, तिने पुढची चकती आत घेतली आणि दणका दिला. खालच्या ठशाने त्या चकतीवर सिंह नीट उमटवले. पण वरून ठसा नव्हताच ना, वर चिकटलेलं नाणं होतं आणि त्याची सिंहांची बाजू खाली तोंड करून होती, तर तेच सिंह चकतीत रुतले, खोलगट आणि उलटे. उकडीच्या मोदकाच्या साच्यात आधीचा मोदक चिकटलेला राहिला आणि तुम्ही लक्ष नसताना त्यावरच पुढची उकड दाबली तर जे होईल ते. या प्रकाराला आपल्याकडचे नाणेवाले लाखी म्हणतात, इंग्रजीत ब्रॉकेज. लाखी हे नाव ऐकूनच बहुतेक त्या व्हिडिओवाल्यांना लाख सुचले असावेत!

वर्ष कुठंच नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि मला तेच जास्त भारी वाटलं, कारण नाणं बनावट असतं तर हा तपशील एवढा नीट जुळून आला नसता. २०११ नंतरच्या दोन रुपयाच्या नाण्यावर वर्ष काट्याच्या बाजूला असतं, जिथे रुपयाचं चिन्ह आणि २ चा आकडा असतो तिथे खाली. तुमच्या चकतीला काट्याचा ठसा लागलाच नाही, मग वर्ष येणार कुठून. वजन पण बरोबर आहे, २०११ च्या मालिकेतल्या या नाण्याचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम आणि व्यास २५ मिलिमीटर, तुमचं ४.८४ भरलं म्हणजे उत्तमच. सोनाराकडे जायचं सुचलं हे फार चांगलं झालं, निम्म्या लोकांना हे सुचत नाही.

तरी एक खात्री करून घ्या. अशी लाखी घरी पण बनवतात. वर्कशॉपमध्ये वाइस असतो ना, आयटीआयवाली पोरं शेगडा म्हणतात, त्यात दोन नाणी समोरासमोर ठेवून करकचून आवळली की एकाची छाप दुसऱ्यावर उलटी उठते. ओळखायचं असं, की बनावट लाखीत जी बाजू खोलगट असते तिच्याखाली नाण्याची मूळची छाप शिल्लक असते. म्हणून रात्री लाइट बंद करा, काळ्या कापडावर नाणं ठेवा, मोबाइलची टॉर्च वरून न मारता बाजूने, अगदी जमिनीला टेकवून तिरकी मारा. उलट्या सिंहांच्या मागे २ च्या आकड्याची वळणाची रेघ किंवा रुपयाच्या चिन्हाच्या आडव्या रेघा कुठे पुसट दिसतायत का बघा. मग नाणं उलटवा, सरळ बाजूचे सिंह उठावदार आहेत की चेपलेले, सपाट? वाइसमध्ये दाबलेल्या नाण्याची दुसरी बाजू चेपल्याशिवाय राहत नाही. फोटोत मला तरी सिंह छान उभे दिसतायत, सत्यमेव जयतेची अक्षरं तुटक वाटत नाहीत, पण फोटोवरून शपथ घेणार नाही मी.

किंमत. खरी लाखी असेल तर माझ्या अंदाजाने हजार-दोन हजाराच्या आसपास, घेणारा शौकीन भेटला तर थोडी वर. पाच लाख सोडा, पाच आकडी पण धरू नका. काट्याची लाखी असती, म्हणजे वर्ष आणि टाकसाळीची खूण दोन्ही बाजूंनी आली असती, तर थोडे जास्त मिळाले असते, कारण कुठली टाकसाळ कुठलं साल ते सांगता आलं असतं. पण दोन रुपयाचं नाणं हजाराला जातंय म्हणजे पाचशेपट झालं की ताई, एफडीत कुठे मिळतंय हे.

बाकीच्या चारांचं पटापट सांगतो, त्यातलं दहाचं सोडून, ते जरा सावकाश.

चपटं लांबट रुपयाचं नाणं रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं आहे, मिरज लाइन जवळ आहे तुमच्या, पोरांचा जुना उद्योग. सगळी छाप एका दिशेला ताणली गेलीय, अक्षरं विरघळल्यासारखी झालीत, मशीनमध्ये असं ताणायला जागाच नसते. वैष्णोदेवीचं पाचचं नाणं खरं आहे, चुकीचं काही नाही त्यात, श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून २०१२ ला पाच आणि दहाची काढली होती, चलनात भरपूर फिरली. देवघरात ठेवायचं तर जरूर ठेवा, लाख देणारा कुणी नाही. पांढरं पाचचं बहुतेक २००७-०८ चं असेल, त्यावर लाटांसारख्या रेघा आहेत का बघा, तेव्हा पाचचं नाणं स्टीलमध्येच काढलं होतं, त्यामुळे सगळीच पांढरी आहेत. चुंबक लावा, चिकटेल. त्याच्या आधीचं जाडजूड पाचचं आठवतंय ना, ९ ग्रॅमचं, हातात घेतलं की पैसे आहेत असं वाटायचं, ते बांगलादेशात तस्करी करून नेऊन वितळवून दाढीची ब्लेडं बनवायचे. नाण्यातल्या धातूची किंमत नाण्यापेक्षा जास्त झाली की हे होतं. ते जाडं पाचचं कुठे सापडलं तर मला आठवण म्हणून आवडतं, पण तेही दुर्मिळ नाही.

आता दहाचं. मधला भाग उलटा बसलेला, म्हणजे सिंहांच्या बाजूच्या कड्यात काट्याची चकती. हे बघून लोकांचे डोळेच फिरतात आणि खरंच दिसायला फार भारी दिसतं ते. पण आपला प्रश्न विचारा, मशीनमध्ये हे कसं झालं असेल? दहाचं नाणं दोन तुकड्यांचं असतं, बाहेरचं पिवळं कडं आणि आतली पांढरी चकती. हे दोन्ही तुकडे प्रेसमध्ये जातात तेव्हा कोरे असतात, त्यांच्यावर काही नसतं. कोरी चकती कोऱ्या कड्यात बसते आणि मग एकच दणका, त्यात छाप पण उठते आणि धातू दाबला जाऊन दोघं एकमेकांत घट्ट बसतात. म्हणजे छाप उठायच्या आधी चकतीला सुलटी बाजू उलटी बाजू नसतेच. मग ती उलटी बसेल कशी? तिरकी फिरलेली पण बसू शकत नाही त्याच कारणाने. तुमच्या नाण्याची चकती कुणीतरी छाप पडल्यानंतर ठोकून बाहेर काढलीय आणि उलटी करून परत ठोकून बसवलीय. जिथे कडं आणि चकती जुळते त्या रेषेवर नख फिरवा, खाच लागेल, कदाचित ठोकायच्या हत्याराचे बारीक ठोके पण दिसतील.

दहाच्या नाण्यातल्या खऱ्या चुका दिसायला इतक्या नाट्यमय नसतात. चकती बसलीच नाही आणि नुसत्या कड्यावर छाप पडली, किंवा चकती नीट मधोमध न बसता एका बाजूला सरकली आणि त्या अवस्थेतच दणका बसला, तर मग छाप सरकलेल्या सांध्यावरून सलग जाते. ही सलग छाप हाच पुरावा.

आणि दहाच्या नाण्याचा विषय निघालाच आहे तर, दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं असली काही भानगड नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ ला सांगितलं होतं की तोपर्यंत दहाची १४ वेगवेगळी डिझाइनं निघालीत आणि सगळी चालतात. तुमच्याकडे कुणी दळणाचे पैसे दहाच्या नाण्यात दिले तर बिनधास्त घ्या, आणि पुढे कुणी घेत नसेल तर त्याला हे ऐकवा.

मी हे इतक्या तावातावाने सांगतोय कारण मी स्वतः चांगला पोळलोय. वीसेक वर्षांपूर्वी एका रविवारच्या बाजारात एकाने मला दोन्हीकडे छापा असलेलं रुपयाचं नाणं दाखवलं, दोन्हीकडे सिंह, दोन्ही सरळ, उठावदार, एकदम टकाटक. मी ३०० रुपये मोजले, तेव्हा माझ्यासाठी ते बरेच होते, आणि बसमध्ये खिडकीशी बसून घरी येईपर्यंत दहा वेळा काढून बघितलं. पुढच्या आठवड्यात एका जुन्या नाणेवाल्या काकांना दाखवलं, त्यांनी बघितलं पण नाही, आधी टेबलावर टाकलं. आवाज आला तो खणखणीत नव्हता, ठक् असा बद्द आला. मग भिंगाखाली कडेच्या आतल्या बाजूची गोल रेघ दाखवली, केसाएवढी. एका नाण्याचं पोट कोरून वाटी केलेली, दुसऱ्याची कड घासून चकती केलेली, आणि ती वाटीत बसवलेली. जादूगार लोक वापरतात म्हणे. काका म्हणाले, अरे खालचा ठसा आणि वरचा ठसा वेगवेगळे असतात मशीनमध्ये, दोन्हीकडे सिंह कोण लावून ठेवेल? तो प्रश्न मी आजतागायत सगळ्यांना विचारत असतो, मूळ त्यांचाच आहे. नाणं अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पोरांना हरवायला उपयोगी पडतं.

आता गल्ल्यात पुढे बघायचं काय, कारण तुम्ही बघणार हे मला माहितीय, एकदा नाद लागला की सुटत नाही.

चिल्लर मोजताना हाताला लागतं ते डोळ्यांच्या आधी कळतं, तुम्हाला तसंच लागलं ना. कड तपासा. एखाद्या नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली असेल तर ते पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर पडल्यासारखं आहे, खरी चूक. पण हे पण कानस घेऊन घरी करता येतं, म्हणून कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बघायची. खऱ्या नाण्यात समोरची कड पण पुसट, दबलेली असते, कारण चकतीची कड उचलायच्या मशीनमध्ये एका बाजूला धातूच नाही म्हटल्यावर समोरच्या बाजूला पण दाब बसत नाही. कानस मारणाऱ्याला हे माहीत नसतं, तो एकीकडे कापतो आणि समोरची कड तशीच ठसठशीत राहते. मला हा पुरावा सगळ्यात आवडतो, मशीनने आपणहून सही केल्यासारखी.

छाप एका बाजूला सरकलेली असेल आणि उरलेली जागा कोरी असेल तर ते ऑफ सेंटर. पाच-दहा टक्के सरकलेलं कुणी विचारत नाही, अर्ध्याच्या आसपास सरकलेलं आणि तरी वर्ष दिसतंय असं असेल तर भाव चांगला. मग रोटेशन, ते बघायला सगळ्यात सोपं. नाणं अंगठा आणि बोटात वर-खाली धरा, सिंह सरळ, आणि पुस्तकाचं पान उलटतो तसं आडवं फिरवा. आपल्या नाण्यांची दुसरी बाजू पण सरळच दिसायला पाहिजे. पूर्ण उलटी दिसली तर बाजूला ठेवा, जरा तिरकी दिसली तर खर्च करून टाका, अशी ढिगाने आहेत. दोनदा दणका बसून सगळी छाप दुहेरी आली असेल तर तीही बाजूला. आणि रंग बदललेला बघून हुरळू नका, तांब्याचा मुलामा देणारे खूप आहेत.

वर्षाखालच्या खुणेवरून तर इतका गोंधळ घातलाय त्या व्हिडिओवाल्यांनी. चांदणी असेल तर लाख, चौकट असेल तर दोन लाख. अहो ती टाकसाळीची खूण आहे फक्त. चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. आपल्या चारच टाकसाळी, तुमच्या गल्ल्यात आत्ता चारही असतील. मुंबईची तर फोर्टात आहे, रिझर्व्ह बँकेच्या समोर, १८२९ पासूनची इमारत, बाहेरून जाताना वाटतही नाही की आत नाणी पडतायत. असंच ते २००७ चं रुपयाचं अंगठा दाखवणारं नाणं, हस्तमुद्रा मालिकेतलं, तेही लाखाला विकतात व्हिडिओत. लाखाची आशा धरणाऱ्याला अंगठा दाखवणारं नाणं, एवढंच त्याचं वैशिष्ट्य.

मग लाखांचे आकडे येतात कुठून, हा प्रश्न तुमच्या पुतण्याला पडेल. परदेशातून येतात. अमेरिकेत १९४३ ला युद्धासाठी तांबं लागत होतं म्हणून एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलची काढली, पण आधीच्या वर्षाच्या काही तांब्याच्या चकत्या मशीनमध्ये राहिल्या होत्या, त्यावर १९४३ ची छाप पडली. अशी मोजकीच निघाली. १९४७ ला एका शाळकरी मुलाला शाळेत जेवणाच्या सुट्ट्या पैशात त्यातलं एक मिळालं, त्याने आयुष्यभर जपलं, आणि २०१९ ला ते लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेलं. गोष्ट खरी आहे. पण ते नाणं एक तर मोजकं, दुसरं म्हणजे तज्ज्ञांनी तपासून प्रमाणपत्र दिलेलं, आणि तिसरं म्हणजे तिकडे ते घेण्यासाठी पैसेवाले शौकीन रांगेत उभे. आपल्याकडे एरर जमवणारे लोक थोडे, आणि टाकसाळीच्या चुका तशा बऱ्याच सापडतात, त्यामुळे भाव तसा बेताचाच. आपल्याकडे जी नाणी खरोखर मोठ्या किमतीला जातात ती वेगळी, म्हणजे १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया वगैरे, ती एरर म्हणून नाही तर फार थोडी उरली म्हणून जातात, आणि ती दळणाच्या पैशात येत नाहीत.

विकायचं असेल तर घाई नको. पुण्यात कॉइनेक्स नावाचं नाण्यांचं प्रदर्शन भरतं, मुंबईत पण भरतं, तिथे एका छताखाली भरपूर डीलर असतात. एकाला दाखवून लगेच देऊ नका, चार टेबलं फिरा, प्रत्येकाला किती द्याल ते विचारा, किती किंमत आहे ते विचारू नका, दोन्ही उत्तरं वेगळी येतात. डीलर साधारण विकायच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत देतो, त्यात चिडण्यासारखं काही नाही, त्यालाही गाळा चालवायचाय. मोठ्या लिलाव कंपन्या मुंबई, अहमदाबाद, बंगळूरला आहेत, पण एका लाखीसाठी त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही. आणि कधी नाशिक-त्र्यंबकला गेलात तर वाटेत अंजनेरीला नाणी संशोधनाची संस्था आहे, तिथलं संग्रहालय पुतण्याला दाखवा. सातवाहनांपासूनची नाणी बघितली की यूट्यूब आपोआप सुटेल त्याचं, निदान थोडं कमी होईल.

तोपर्यंत नाणं घासू नका. हे हात जोडून सांगतोय. मला पहिलं ऑफ सेंटर सापडलं होतं ते गेंड्याचं २५ पैशाचं, काळपट होतं म्हणून मी तारेच्या घासणीने लख्ख केलं, आणि डीलरने ते बघून नुसता सुस्कारा सोडला. पिठाचे कण असतील तर साध्या पाण्यात बुडवून मऊ सुती कापडावर टिपा, चोळू नका. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये ठेवा, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, वर्षा-दोन वर्षात नाणं चिकट हिरवट होतं. गिरणीत तर अजिबात ठेवू नका, तिथे पीठ आणि दमट हवा, घरात कपाटात ठेवा. पकडताना कडेला पकडा.

बाकीची चार परत गल्ल्यात टाका, फक्त ते चपटं रुपयाचं आणि उलट्या पोटाचं दहाचं नको, उगाच पुढच्या माणसाशी वाद, दहाचं पुतण्याकडे द्या आणि चकती उलटी कशी बसू शकत नाही हे त्याच्याकडून पाठ करून घ्या.

आणि लाखीचे अजून दोन फोटो पाठवा, एक तिरक्या टॉर्चमधला खोलगट बाजूचा आणि एक कडेचा, नाणं उभं धरून. २ च्या आकड्याची रेघ दिसली नाही तर मी पुण्यातल्या एकदोघा ओळखीच्यांना दाखवतो. ह्यांना सांगितलंत की नाही तेही कळवा.